रेषेवरचा माणूस

३ जून, मंगळवार

पत्र आलं! मुलींच्या आंतरराष्ट्रीय युवा व्हॉलीबॉल स्पर्धेसाठी लाइन जज म्हणून निवड. सोळा देश, अठरा वर्षांखालच्या पोरी, आपलं शहर यजमान, आणि रेषेवर मी.

ऑफिसात पत्र दाखवलं. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, लाइन जज म्हणजे बॉल आणून देणारे का? शांतपणे समजावलं. मैदानाच्या कोपऱ्यात झेंडा घेऊन उभं राहायचं. चेंडू आत पडला तर झेंडा खाली, बाहेर पडला तर वर. तो म्हणाला, एवढंच? अरे बाबा, एवढंच तर सगळं आहे. मोजणी खात्यात चोवीस वर्षं लोकांच्या जमिनीच्या हद्दी ठरवतोय. वीतभर जागेसाठी सख्खे भाऊ एकमेकांचे गळे धरतात आणि शेवटी सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. रेष म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये.

आणि लेक राष्ट्रीय संघात आहे! लिबेरो. म्हणजे वेगळ्या रंगाचा शर्ट घालून मागे राहणारी, मिळेल तो चेंडू उचलणारी. बारा जणींत सगळ्यात बुटकी, पण नजर अशी की समोरच्यांचा चेंडू बाहेर जाणार असेल तर ही आधीच ओरडते, सोड! बाकीच्या मुकाट हात मागे घेतात. त्यांच्या कोचबाई म्हणतात, हिच्या नजरेवर आम्हाला प्रत्येक सामन्यात चार-पाच गुण फुकट मिळतात. नजर माझी आहे. बायको म्हणते तिची. बायको लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोकं घालून रक्तातल्या पेशी मोजते. पेशी वेगळ्या, चेंडू वेगळा. पण तिच्याशी वाद घालून कोण जिंकलंय.

५ जून, गुरुवार

फॉर्म भरला. तेरावा प्रश्न: आपला कोणी नातेवाईक सहभागी संघात आहे काय?

विचारात पडलो. दहा मिनिटं पडलो. मग प्रश्नाच्या मुळाशी गेलो. हा प्रश्न का विचारतात? पक्षपात होऊ नये म्हणून. माझ्या हातून पक्षपात होणार आहे का? नाही. मग उत्तर काय? नाही. तसं लिहिलं. याला खोटं म्हणत नाहीत, सारांश म्हणतात.

शिवाय मैदानावर ती माझी लेक नाहीच, पाच नंबरचा शर्ट आहे. आमच्या आडनावाची माणसं या शहरात पैशाला पासरी. पंचांचे प्रमुख (आम्ही सगळे त्यांना शिट्टी म्हणतो, समोर नाही) यांनी आडनाव वाचलं आणि आठी न घालता सही केली. बायकोला तेराव्या प्रश्नाचं सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

८ जून, रविवार

उद्यापासून पाचला उठणार. अर्धा तास धावणे, अर्धा तास झेंड्याचा सराव, डोळ्यांवर गार पाणी, साखर बंद. चष्म्याचा नंबर तपासायची गरज नाही. बसचा नंबर अजून स्पष्ट दिसतो, बस जवळ आली की.

आज पावणेआठला उठलो. रविवार असल्याने हा दिवस संकल्पात धरलेला नाही. झेंडा अजून मिळाला नाही म्हणून काठीला फरशी पुसायचं फडकं बांधलं आणि गॅलरीत सराव केला. खाली. वर. मग झेंड्याच्या टोकावर तळवा, म्हणजे चेंडू कोणाच्या तरी हाताला चाटून गेला. समोरच्या काकूंनी विचारलं, कबुतरं फार झालीत का हो? मी फडक्याची गाठ घट्ट केली.

चौथाही एक इशारा असतो. दोन्ही हात छातीवर आडवे. म्हणजे मला दिसलं नाही. त्याचा सराव केला नाही. ज्याला दिसत नाही त्याने घरी बसावं.

११ जून, बुधवार

साहेबांकडून बारा दिवसांची रजा. ते म्हणाले, खुशाल जा, पण त्या तीन हद्दींच्या फायली संपवून जा. फायली आल्यावर संपवीन. हद्दी कुठे पळून चालल्यात?

बसमध्ये एक विचार आला आणि अंगावर काटा आला. समजा, आपल्या संघाचा सामना. समजा, शेवटचा गुण. समजा, चेंडू माझ्या रेषेवर आणि समोर माझी लेक. एकीकडे रक्त आणि एकीकडे सत्य. आणि माझा हात, जराही न थरथरता, तिच्या विरुद्ध जातो. अख्खं स्टेडियम स्तब्ध. मग कोणीतरी म्हणतं, अहो, हा तर तिचा बाप!

इथे एक अडचण आहे. फॉर्ममध्ये मी बाप नाही. मग ते कोणाला कसं कळणार? हा मुद्दा नंतर बघू. स्टॉप हुकला.

१४ जून, शनिवार

संघ उद्यापासून हॉटेलात राहायला जाणार. त्याआधी लेक दोन तास घरी आली. गुडघ्यांना पट्ट्या, कोपरं सोलवटलेली. आईने मलम लावलं. मला तिला चौथीत घेतलेले बूट आठवले आणि भरून आलं, पण दाखवलं नाही.

ती म्हणाली, बाबा, तुम्ही रेषेवर नको ना. आईबरोबर वर बसा. कोणाला कळलं तर तुम्हालाच बोलतील, मला ते सहन नाही होणार. मी म्हटलं, तू तुझ्या खेळाचं बघ. मग तिने हळूच सांगितलं की त्यांनाही फॉर्म होता आणि पालक म्हणून तिने फक्त आईचं नाव लिहिलंय. हुशार आहे पोरगी. माझ्यावरच गेली आहे.

बायकोच्या हातातली मलमाची ट्यूब तिथेच थांबली. लेक गेल्यावर तिने सगळं खोदून काढलं. तेरावा प्रश्नही निघाला. म्हणाली, अहो, सतरा वर्षं मुलीला वाढवलंत आणि एका कागदावर नाही म्हणून मोकळे झालात? बायकांना तत्त्व कळत नाही, तपशील कळतो.

तिने सांगितलं, या स्पर्धेवर हिचं पुढचं सगळं आहे. मोठ्यांच्या राष्ट्रीय शिबिरासाठी अठरा मुली घेणार, तिथेच राहणं, तिथेच कॉलेज. पुढच्या वर्षी ही युवा संघाच्या वयात बसत नाही. आत्ता नाही तर नाही. मला हे माहीत आहे. म्हणून तर मी जवळ असायला हवा.

१७ जून, मंगळवार

लाइन जजांचं प्रशिक्षण. परदेशातून एक निरीक्षक बाई आल्यात. जाड वही, बारीक पेन्सिल, हसणं नाही. उत्तम काम करणाऱ्या चौघांना फायनल मिळणार असं जाहीर केलं. चौघांतल्या तिघांची नावं मला माहीत नाहीत.

मशीनमधून चेंडू सोडत होते आणि आम्ही इशारे द्यायचे. वीस चेंडू. मी वीसच्या वीस वेळा ताबडतोब झेंडा दाखवला. सोळा बरोबर निघाले, पण वेळ पाहा! एक बँकवाला आहे, टक्कल पडलेला, घाम फार येतो त्याला. त्याने वीसपैकी तीनदा हात छातीवर आडवे केले. तीनदा! सगळ्यांसमोर! मी शरमेने खाली पाहिलं. चहाच्या वेळी तो मला म्हणाला, मधे खेळाडू आली हो, दिसलंच नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असल्या माणसाला बँकेत नोटा कशा मोजू देतात देव जाणे.

१९ जून, गुरुवार

स्पर्धा सुरू. दोन सामने केले, दोन्ही परक्या संघांचे. एकही वाद नाही. एकदा झेंडा उलटा धरला गेला, पण कोणाच्या लक्षात आलं नाही. निरीक्षक बाईंच्या आलं.

आपल्या मुली पलीकडच्या कोर्टवर जिंकल्या. आवाज ऐकू येत होता. सोड! हा शब्द मी तीनदा ऐकला. तिन्ही वेळा टाळ्या.

२१ जून, शनिवार

आपला संघ एक जिंकला, एक हरला. उद्या गटातला शेवटचा सामना. जिंकलो तर पहिल्या आठांत, हरलो तर पदकाचा विषय संपला. समोर उंच पोरींचा देश. त्यांची सगळ्यात बुटकी माझ्याएवढी.

उद्याच्या सामन्याला रेषेवर बँकवाला आहे. मी नाही. यादी पाहून छातीत दुखल्यासारखं झालं. सबंध शहरात असा एक माणूस आहे जो या सामन्याला स्वतःच्या रक्ताविरुद्ध उभा राहू शकतो, आणि त्याला नाश्त्याच्या वेळचा, आधीच बाद झालेल्या दोन संघांचा सामना दिलाय!

दुपारी बँकवाल्याला कोपऱ्यात घेतलं. म्हटलं, केवढं प्रेशर असतं घरच्या संघाचं. लोक बाटल्या फेकतात. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? तो विचारात पडला. म्हणाला, तुम्ही घ्याल का बदलून? मी म्हटलं, सहकाऱ्यासाठी एवढं तर करायलाच हवं. शिट्टींनी कागदावर खाडाखोड केली. दहा मिनिटांत काम फत्ते.

बायकोला फोन केला नाही. तिला वर बसून दिसेलच.

२२ जून, रविवार, पहाटे ५.१०

उठलो! संकल्पानंतर पहिल्यांदाच. दाढी दोनदा केली. हात स्थिर. आज जे होईल ते लोक विसरणार नाहीत.

२२ जून, संध्याकाळ

शांतपणे लिहितो.

दोन-दोन सेट. पाचवा सेट पंधराचा. आठ गुणांवर बाजू बदलल्या आणि पोरगी माझ्या टोकाला आली. माझ्यापासून दोन हातांवर. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. शाबास, असं मनात म्हटलं.

चौदा-पंधरा. समोरच्यांना एक गुण हवा. त्यांच्या सगळ्यात लांब मुलीने मारला. चेंडू डोक्यावरून मागच्या रेषेकडे. आपली एक मुलगी हात जोडून धावली. लेक ओरडली, सोड! मुलीने हात मागे घेतले. चेंडू पडला.

आत होता.

माझा झेंडा खाली गेला. जराही थरथरला नाही. मुख्य पंचाने माझ्याकडे पाहिलं, मी तसाच उभा. या कोर्टवर कॅमेरे नाहीत, माझाच शब्द. शिट्टी वाजली. संपलं. अख्खं स्टेडियम स्तब्ध, अगदी मी बसमध्ये पाहिलं होतं तसं.

कॅप्टन पंचाकडे धावली, भांडायला लागली. मग लेकीने काय केलं? तिने माझ्याकडे पाहिलं. एक क्षण. मग रेषेकडे. आणि तिने स्वतःचा हात वर केला. म्हणजे माझी चूक. कॅप्टनला दंडाला धरून मागे ओढलं, म्हणाली, माझीच चूक, आत होता. सगळ्या पोरी रडत होत्या. ती रडत नव्हती. चेंडू जिथे पडला तिथे बघत होती.

केवढा संस्कार! बापाच्या निर्णयापुढे मान! मी आयुष्यात जे काही कमावलं ते आज त्या वर केलेल्या हातात दिसलं.

घरी आल्यावर बायकोने ताट वाढलं. मी हात धुऊन आलो. ती म्हणाली, बाहेर होता. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, मी त्याच रेषेच्या मागे बसले होते. चांगला वीतभर बाहेर होता. मी सांगितलं, कोन असतो, वरून वेगळं दिसतं. तिने स्वतःचं ताट उचललं आणि आत नेलं.

२३ जून, सोमवार

आत होता.

२४ जून, मंगळवार

आज नीट आठवून पाहिलं. डोळे मिटून. आत होता. निदान रेषेला चाटून होता, आणि रेषेला चाटला की आतच धरतात. हा नियम मी केलेला नाही.

फायनलच्या चौघांची नावं लागली. बँकवाला आहे. मी नाही. निरीक्षक बाईंना विचारायला गेलो. त्या दुभाष्यामार्फत म्हणाल्या, त्या गृहस्थांना न दिसलेलं ते न दिसलं म्हणून सांगतात. तुम्ही चेंडू जमिनीला टेकायच्या आधीच झेंडा खाली नेलात. रविवारी. मी पाहिलंय. मी म्हटलं, त्याला अनुभव म्हणतात. दुभाष्याने ते भाषांतर केलं की नाही शंका आहे. कारण बाईंनी फक्त वही मिटली.

नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण परदेशातून आलेलं.

२६ जून, गुरुवार

लेक घरी आली. संघ नवव्या क्रमांकावर. तिने बॅग दाराशी ठेवली आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसली. विचारलं, बाबा, आत होता ना?

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात पाण्याचा ग्लास.

मी म्हटलं, हो.

ती म्हणाली, बरं. मग पुन्हा म्हणाली, बरं. मला तो बाहेर दिसला होता. अगदी स्पष्ट. कोचबाई म्हणतात, दडपणाखाली नजर फिरते कधीकधी. तसंच झालं असेल. तुम्ही माझ्यासाठी खोटा झेंडा दाखवणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी हात वर केला. मग पाणी प्यायली आणि झोपायला गेली. दुपारचे चार वाजले होते.

खोटा झेंडा तिच्यासाठी नाही दाखवला, हे तर खरंच आहे.

२७ जून, शुक्रवार

बायकोशी बोलणं झालं. म्हणजे ती बोलली. कोचबाईंनी रिपोर्टमध्ये लिहिलंय: निर्णायक क्षणी अंदाज चुकला. शिबिराची निवड दहा दिवसांवर. तुम्ही महासंघाला पत्र लिहा, की चेंडू बाहेर होता, चूक तुमची होती, मुलीची नाही. एवढंच लिहा. मी म्हटलं, आणि तेरावा प्रश्न? चौकशी होईल, झेंडा कायमचा जाईल. ती म्हणाली, जाऊ दे ना. फडक्याचाच आहे.

मग तिने आवाज खाली आणला. म्हणाली, मी तिला सांगू शकते. आत्ता, या क्षणी. पण तिचा माझ्यापेक्षा तुमच्या नजरेवर विश्वास आहे, आणि तो मी मोडला तर तुम्ही दोघंही मला माफ करणार नाही. तुम्ही सांगा. तुम्हीच सांगायला हवं.

विचार करीन म्हटलं. घाईत लिहिलेली पत्रं कधी चांगली होत नाहीत.

२९ जून, रविवार

पत्र लिहायला बसलो. पहिला मसुदा: "माननीय महोदय, उक्त सामन्यातील अंतिम चेंडू रेषेच्या दोन सेंटिमीटर आत पडला असला तरी..." हे जमत नाही. आत पडला असेल तर पत्र कशाला?

दुसरा मसुदा: "रेषेला चाटून..." तिसरा: "चाटण्याच्या बेतात..."

शेवटी व्यावसायिक पद्धतीने जायचं ठरवलं. ड्रॉइंग पेपर घेतला. मैदान नऊ बाय अठरा मीटर. रेष पाच सेंटिमीटर रुंद. चेंडूचा व्यास एकवीस. माझी जागा, लेकीची जागा, चेंडूचा मार्ग. स्केल लावून काटेकोर काढलं. चोवीस वर्षांची सवय, हात आपोआप जातो. काढून झालं आणि पाहिलं. चेंडू बाहेर आला होता. चौदा सेंटिमीटर.

कागद फाडला. पेन्सिल बोथट होती.

२ जुलै, बुधवार

ऑफिसात रुजू. तीन फायली वाट बघत होत्या. एका हद्दीवर दोन भाऊ आलेले. धाकटा म्हणाला, साहेब, तुम्ही सांगाल ते मान्य. मी टेप लावली. मोठ्याच्या बाजूने वीतभर निघत होतं. सांगितलं. धाकट्याने मान हलवली आणि कुंपण काढायला माणसं बोलवायला गेला. मला बराच वेळ तिथून उठवेना.

पत्र उद्या. आज थकवा.

३ जुलै, गुरुवार

पाकिटं संपली होती.

४ जुलै, शुक्रवार

पाकिटं आणली. पण विचार केला, शुक्रवारी पत्र टाकलं तर शनिवार-रविवार टेबलावर पडून राहील. सोमवारी टाकणं योग्य.

लेक रोज सकाळी धावायला जाते. परत आली की विचारते, बाबा, यादी आली का? आज म्हणाली, आली तरी माझं नाव नसेल, मी मनाची तयारी केलीय. आणि हसली. ते हसू चौथीतलं होतं, दाढ काढायला नेलं होतं तेव्हाचं. मला सांगावंसं वाटलं. अगदी ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

७ जुलै, सोमवार

पत्र लिहिलं. खरंच लिहिलं. एका पानात. चेंडू बाहेर होता, मी आधीच ठरवून झेंडा खाली नेला, पाच नंबर माझी मुलगी आहे, तिची नजर चुकलेली नाही. सही केली. पाकिटावर पत्ता. तिकीट. पेटीपर्यंत गेलो.

पेटीजवळ उभं राहून नीट विचार केला. एक तर, निवड समिती अनुभवी माणसांची असते, एका चेंडूवर कोणी निवड करत नाही. दुसरं, पत्र गेलं की गवगवा होईल, पोरीला सगळे विचारतील, तुझाच बाप ना? तिचं मन मोडेल. तिच्याच हितासाठी थांबणं बरं. तिसरं आठवत नाही, पण तेही सबळ होतं. पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. उद्या शांत डोक्याने.

९ जुलै, बुधवार

यादी आली. अठरा नावं. तिचं नाही.

कोचबाईंचा फोन आला होता, बायकोने घेतला. म्हणाल्या, मला हवी होती हो, मी खूप भांडले. पण समितीने त्याच चेंडूचा विषय काढला. लिबेरोला तेवढंच तर करायचं असतं, असं म्हणाले. आणि मुलीने स्वतःच हात वर केला होता, सगळ्यांनी पाहिलं, मग मी काय बोलणार?

बायको माझ्याकडे फिरकली नाही. रात्रीचं जेवण टेबलावर झाकून ठेवलं होतं. लेकीच्या खोलीतून आवाज येत नव्हता. मी दारात उभा राहिलो आणि म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी काय बघायचं ते मला माहीत नव्हतं. ती आतून म्हणाली, हो बाबा.

कोट धोब्याला दिला. पाकीट काढायचं राहिलं. असं मला वाटतं.

१० जुलै, गुरुवार

महासंघाकडून सर्टिफिकेट आलं. जाड कागद, सोनेरी कडा. "स्पर्धेतील निःपक्षपाती कामगिरीबद्दल." सगळ्या लाइन जजांना पाठवलंय, पण तरीही. फ्रेम करावी का असं बायकोला विचारणार होतो. विचारलं नाही. कपाटात ठेवलं, चेहरा भिंतीकडे करून.

११ जुलै, शुक्रवार

संकल्प: आज तिला सांगायचं. जेवणाआधी.

जेवण लवकर झालं.

१२ जुलै, शनिवार

बायको दोन दिवस आपल्या बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, घरात आता तुम्ही दोघंच. मधे मी नाही, कुकर नाही. सांगा.

संध्याकाळी लेक स्वतःच माझ्याकडे आली. म्हणाली, बाबा, एक मागू? उद्या सकाळी शाळेच्या मैदानावर याल? जिल्ह्याच्या क्लबने मला खेळायला बोलावलंय. पण मला आता मागे उभं राहिलं की भीती वाटते. सोड म्हणायला तोंड उघडत नाही. तुम्ही बॉल टाका, मी सांगते आत की बाहेर, आणि चुकले की तुम्ही सांगा. तुमच्याशिवाय कोण सांगणार?

हो म्हटलं. तिथे, मैदानावर, मोकळ्या हवेत सांगणं सोपं जाईल. उद्या नक्की.

१३ जुलै, रविवार

सातला मैदानावर. कोणी नव्हतं. मी फक्कीने मागची रेष आखली, टेप लावून, सरळ. ती रेषेपाशी उभी राहिली. मी पलीकडून चेंडू टाकायला लागलो.

पहिला: बाहेर. बरोबर. दुसरा: आत. बरोबर. तिसरा रेषेवर पडला, फक्की उडाली. आत. बरोबर. मातीत खूण उमटायची, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. मी चाळीस चेंडू टाकले असतील. मुद्दाम फसवे टाकले, फिरवून टाकले, उन्हाच्या रोखाने टाकले. एकही चुकली नाही. एकही. असली नजर मी जन्मात पाहिलेली नाही.

फक्त एक. दहाव्या-बाराव्या चेंडूनंतर ती सांगायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. चेंडू पडायचा, ती माझ्याकडे बघायची, मी मान हलवली की मग बोलायची. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस, चेंडूकडे बघ. ती म्हणाली, हो हो. आणि पुन्हा बघायची.

शेवटचा चेंडू माझ्या हातून जोरात सुटला. रेषेच्या चांगला हातभर पलीकडे पडला. मातीत खळगा पडला. ती म्हणाली, बाहेर.

आता सांगायचं असं ठरवून मी तोंड उघडलं. मी नुसता तिच्याकडे बघत उभा राहिलो.

तिचा चेहरा हळूहळू उतरला. तिने त्या खळग्याकडे पाहिलं, मग रेषेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि म्हणाली, नाही नाही, थांबा. आत होता. आत होता ना, बाबा?

मी म्हटलं, अंधारून आलंय, घरी जाऊ. सकाळचे साडेआठ वाजले होते.